तबकडी उताणी पडली तर

नले, तुझा शेवटचा मेसेज माझ्या फोनमध्ये तसाच आहे. 'उद्या सांगते.' त्याच्या वर माझा प्रश्न, 'पण तबकडी उताणी पडली तर?' आणि त्याच्या खाली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलीस आणि तिथून फोन करून मलाच दम दिलास, की सलाईन संपलं की येते, तोवर रोबोवरच्या माझ्या मोटरला हात लावू नको. मी मोटरला हात लावला नाही. तू मात्र आली नाहीस.

कॉलेजात शोकसभा झाली. नलिनी मॅडम अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या, असं प्राचार्य म्हणाले, तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडते आहे. मला हसू आवरत नव्हतं. शांत, आणि तू? आपण भांडायला लागलो की वर्कशॉपच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाईनं मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये यायचं, माझाच पाना हातात घ्यायचा आणि वर मलाच नटबोल्ट शिकवायचे, हे मी किती वर्षं सोसलं ते माझं मला माहीत. सभेच्या शेवटी सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. ज्या खोलीत तू आहेस, फोटोत का होईना, तिथं इतका वेळ कुणीच काही बोललं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

म्हणून हे लिहायला बसले. तुझं कौतुक करायला नाही, ते लोक करताहेतच. माझी भांडणं अर्धी राहिली आहेत.

रोबोच्या स्पर्धेचे नियम आले त्या दिवसापासून सुरू करू, कारण आपलं सगळ्यात मोठं भांडण तिथूनच सुरू झालं. तू स्टाफरूममध्ये चहा सांडत आलीस. मैदानावर प्लास्टिकच्या तबकड्या पसरलेल्या असणार, पोरं बागेत एकमेकांकडे भिरकावतात तसल्या. रोबोनं त्या फेकायच्या आणि समोर उंचावर लावलेल्या चौकटींतून पार करायच्या. माणसानं हातानं भरून दिलेली तबकडी फेकली तर गुण थोडे. रोबोनं स्वतः जमिनीवरून उचलून फेकली तर भरपूर. मी म्हणाले, परभणीतून आपलं कॉलेज पहिल्यांदाच जातंय, हातानं भरू, अब्रूनं परत येऊ. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "वैशे, उचलायचंच नसेल तर रोबो कशाला? सरळ गोफण घेऊन जाऊ की."

झालं. गोफण हा शब्द पोरांपर्यंत पोचला आणि त्या दिवसापासून माझ्या योजनेचं नाव गोफण पडलं.

आधी फेकण्यावरून वाद. मला दोन चाकं हवी होती. समोरासमोर फिरणारी दोन चाकं, मधून तबकडी गेली की सुटली, क्रिकेटचा चेंडू टाकायचं मशीन असतं तसं. तू म्हणालीस, एकच चाक ठेव आणि समोर साधी भिंत. तबकडी चाक आणि भिंत यांच्यामधून घासत जाईल, म्हणजे पुढेही जाईल आणि स्वतःभोवती गरगरेलही, आणि गरगरल्याशिवाय ती उडत नसते. मी ऐकलं नाही. मी माझी दोन चाकं बसवली, आणि आपल्या कॉलेजच्या मैदानावर ती तबकडी अशी वळवळत खाली आली की पोरांनी डोकी धरली. तू नुसती हसलीस, ते जास्त झोंबलं. मग तुझं एक चाक आणि भिंत बसवली आणि तबकडी सरळ, तरंगत, कुठलीही घाई नसल्यासारखी गेली. ते बघून माझा रागच गेला. इतकं देखणं काही आपण आधी बनवलं नव्हतं.

पण नले, एक सांगायचं राहून गेलं. माझ्या दोन चाकांचा वेग एकसारखा होता म्हणून फजिती झाली. एक जोरात आणि एक हळू फिरवलं असतं तर माझीही तबकडी गरगरली असती. हे मला नंतर सुचलं आणि तुझ्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. आता तू नाहीस म्हणून मी जिंकले, असं मी धरत नाही. तो वाद चालूच आहे असं समज.

आणि ती झाकणं! खऱ्या तबकड्या पुण्याहून यायच्या होत्या, त्या येईनात. मग तू अय्यूबभाई पेंटरकडून रंगाच्या रिकाम्या बादल्यांची झाकणं मागून आणलीस. गोल ते गोल, तू म्हणालीस. आपण सगळं मशीन त्या झाकणांवर बसवलं. चाक आणि भिंत यांच्यातलं अंतर, मोटरचा वेग, सगळं. वर्कशॉपभर निळी, पिवळी, पिस्ता रंगाची झाकणं उडत होती. मग खऱ्या तबकड्या आल्या, आणि बघायला प्राचार्यही आले. शिवकन्यानं, आपल्या टीमच्या कॅप्टननं, कोरी पांढरी तबकडी आत सरकवली. ती झाकणांपेक्षा बोटभर लहान. चाकाला धड शिवलीही नाही, लहान बाळानं तोंडातला घास सोडावा तशी मशीनच्या तोंडातून खाली पडली. प्राचार्य म्हणाले, छान, प्रयत्न चालू ठेवा. ते गेल्यावर तू जमिनीवर बसून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपण जगातलं एकमेव बादलीची झाकणं फेकायचं मशीन बनवलं होतं. पुन्हा सगळं उसवायला घेतलं तेव्हा पोरांची तोंडं उतरली होती, तुझं नाही. तुला उसवायला बसवण्याइतकंच आवडायचं.

उचलायचं कामही तुझंच. पुढे पातळ पत्र्याची सुपली, केर भरायची असते तशी. पण सुपली तबकडीखाली जाईना, तिला नुसती पुढे ढकलत राहायची. रोबो पुढे, तबकडी त्याच्याही पुढे, आणि वर्कशॉपची भिंत आली की दोघं थांबायचे. मी रोज विचारायचे, काय गं, फिरायला निघालेत का? तू दाद दिली नाहीस. अय्यूबभाईकडून आणलेला भिंतीला रंग मारायचा रोलर सुपलीच्या वर आडवा बसवलास आणि मोटरनं उलटा फिरवलास. त्याच्या मऊ लोकरीनं तबकडी आत ओढली आणि ती सुपलीवरून वर चढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळी तुला दिली. तुला कळलं असेल.

येलदरीला गेलो होतो तो रविवार मला सारखा आठवतो. धरणाकडून वारा येत होता आणि तू म्हणालीस, वाऱ्यावर कशी जाते बघू. फेकलीस ती गेली पाण्यात. एक मासे धरणारा बाबा तिथं जाळं आवरत होता. त्यानं ती पाण्यातून काढून आणून दिली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मॅडम, ह्याच्यात जेवता का तुमी?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, न्हाई बाबा, ह्याच्यात आमी नोकरी करतो. त्याला ते पटलं. पण माझं मन पाण्यातच अडकलं होतं, कारण बाबानं काढायच्या आधी तबकडी तरंगत होती ती उताणी, पोकळ बाजू वर करून, होडीसारखी. तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. मैदानावर ती अशी उताणी पडली तर? रोलर तिला ओढेल, सुपली तिला चढवेल, पण ती चाकाकडे उताणीच जाईल आणि उताणी फेकलेली तबकडी चार पावलांवर नाक खुपसते. वर्कशॉपमध्ये आपण सगळ्या तबकड्या आपल्या हातांनी नीट पालथ्या मांडत होतो. मैदानावर कोण मांडणार?

परतीच्या एसटीत मी तुला विचारलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, उद्या सांगते.

ही तुझी जुनी खोड. तुला काहीही विचारलं की उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी तू खरंच सांगायचीस, हीच तर चीड. या वेळी मात्र तो उद्या येईना, म्हणून मी विचारत राहिले. झरीला तुझ्या घरी निघालीस तेव्हा विचारलं, पेपर तपासताना विचारलं. तू म्हणायचीस, पालथ्या घड्यावर पाणी घालून मी थकले, वैशे, सांगते म्हणलं की उद्या. आणि मग तो मेसेज.

तू गेल्यावर सगळ्यांनी मला समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. प्राचार्य चांगले आहेत, त्यांनी हळूच विचारलं, की आता उचलायचा भाग काढून टाकून साधं ठेवायचं का? पोरांवरही ताण नको. तबकड्या मैदानावर पडलेल्या असणार, त्यातल्या निम्म्या उताण्या. उताणी तबकडी आत गेली की एकतर नाक खुपसायची, नाहीतर मध्येच रस्ता अडवायची आणि पालथ्याही अडकून बसायच्या. हातानं भरली तर निदान काहीतरी उडेल. खरं म्हणजे ही माझीच गोफण होती. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते. मी पाना घेतला, सुपलीचा पहिला बोल्ट ढिला केला, आणि शिवकन्या माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणाले, झरीहून आल्यावर बघू. बोल्ट तसाच ढिला ठेवून गेले.

झरीला तुझं पुण्यानुमोदन होतं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, त्रिसरण, पंचशील, मग एकेकानं उठून तुझी आठवण सांगायची. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणी बोलल्या, चुलते बोलले. मला बोलायला सांगितलं, मी उभी राहिले आणि मला काही बोलताच आलं नाही. इतकं भांडले तुझ्याशी आणि तुझ्याबद्दल एक वाक्य नाही निघालं. मी तशीच खाली बसले. शेजारच्या बाईनं पाठीवर हात ठेवला.

जेवणं झाली. मागच्या अंगणात बायका ताटं धूत होत्या, मीही पदर खोचून बसले, कारण हाताला काम पाहिजे होतं. तुझी माय तिथं आली. सगळ्यांनी नको म्हटलं तरी बसली. धुतलेली ताटं न्हाणीच्या कट्ट्यावर उताणी पडली होती, ती निथळायला खालच्या पाटीत पालथी घालायची होती. मायचा एक हात रिकामा नव्हता. त्या हातानं तिनं डोळ्यांना पदर लावला होता आणि तो ती काही केल्या काढत नव्हती. दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं वाकवलं, ताटाच्या मागच्या काठात आतून अडकवलं आणि ताट कट्ट्याच्या कडेवरून पुढं सरकवलं. ताटाचा पुढचा भाग झुकला, ताट बोटाला टांगून उभं राहिलं. तिनं बोट सोडलं आणि ते पाटीत अलगद पालथं पडलं. मग दुसरं. मग तिसरं. माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं.

मी विचारलं, "माय, हे असं एका बोटानं कुठं शिकलीस?"

"ही नलीची रीत हाय," माय म्हणाली. "लहान होती तवा एका हातात पुस्तक धरून भांडी करायची. म्या म्हणायची, दोन्ही हात लाव की गं. तर म्हणायची, माय, एका बोटानं होतंय. तिचं बघून बघून माझ्याबी हाताला तेच लागलं."

मग तिनं पदर डोळ्यावरून काढला आणि मला विचारलं, "ती ताटं फेकायचं मशीन करायले म्हणली होती तुमी दोघी. झालं का ते?"

मी म्हणाले, "होतंय, माय." आणि तिथं, त्या ओल्या ताटांच्या ढिगात, मी तुझ्यासाठी पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. मायनं मला रडू दिलं. मग म्हणाली, ऊठ, चहा घे, लांब जायचंय तुला. झरी ते परभणी काही लांब नाही, पण मी उठले.

आल्या आल्या शिवकन्याला बोलावलं आणि आधी तो ढिला बोल्ट घट्ट केला. मग तिला ताट आणून दाखवलं. सुपलीचा चढ जिथं संपतो तिथं वरून एक वाकडं बोट टांगायचं, बिजागरीवर, हलकं. तबकडी पालथी आली तर बोट तिच्या गुळगुळीत पाठीवरून घसरून जाईल, तिला काही कळणारही नाही. उताणी आली तर बोट तिच्या पोकळीत उतरेल, मागच्या काठाला अडकेल, तिचा पुढचा भाग खाली झुकेल आणि ती पालथी होऊन चाकापुढच्या तबकात पडेल. कुठली कशी आहे हे रोबोला ओळखायचीही गरज नाही. शिवकन्यानं ताट दोनदा पालथं घालून बघितलं आणि म्हणाली, मॅडम, हे तर आमी रोज करतो. मग सायकलच्या स्पोकचं बोट वाकवायला बसली.

लगेच जमलं असं समजू नकोस. पहिलं बोट जड झालं, पालथ्या तबकड्यांनाही अडवायला लागलं. दुसरं इतकं हलकं की रोलरच्या वाऱ्यानंच उडायचं. एकदा तबकडी अर्धी वळली आणि तशीच उभी अडकून राहिली, तेव्हा मी सवयीनं मागं वळून तुझ्यावर ओरडायला तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. पोरांनी कामात असल्यासारखं केलं, गुणी आहेत. मग शिवकन्यानं बोटाच्या टोकाला रबराची नळी चढवली, बिजागरीला थोडं तेल दिलं, आणि एक तबकडी मुद्दाम उताणी करून वर्कशॉपच्या मधोमध ठेवली.

रोबो गेला. तुझ्या रोलरनं तिला ओढलं, तुझ्या सुपलीवरून ती चढली. वर बोटाला अडकली, झुकली, पालथी झाली. तुझ्या एकुलत्या एक चाकानं तिला घासून सोडलं आणि ती गरगरत, तरंगत, समोर पोरांनी बांधलेल्या चौकटीतून अशी पार गेली की पलीकडच्या भिंतीवर आपटल्यावरच आम्हाला आवाज फुटला. कबुतरं उडाली. मी या वेळी टाळ्या वाजवल्या, नले. दोन्ही हातांनी.

पोरं त्याला मॅडमचं बोट म्हणतात. कुठल्या मॅडमचं ते सांगावं लागत नाही. मशीन आता तुझं सगळंच्या सगळं मैदानावर जाणार आहे. सुपली, रोलर, एक चाक, काही काढलेलं नाही. प्राचार्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, छान, प्रयत्न चालू ठेवा. पण जाताना वळून परत एकदा लावायला सांगितलं.

तुझ्या डोक्यात हेच होतं का, हे मला कधीच कळणार नाही. तुझी सवय तुझ्या मायच्या हातात राहिली आणि तिथून ती मशीनवर आली. पण त्या दिवशी तू मला हेच सांगणार होतीस की आणखी काही, भलतंच, याहून चांगलं? तू कागदावर कधी काही ठेवलं नाहीस. मला वाटायचं, एक मोठं उत्तर तू बरोबर घेऊन गेलीस आणि मी कायम अपुरी राहिले. तुझ्यासारखं सगळं आधीच ठाऊक असणारं माणूस आता मला कुठं मिळणार, याचंच मला जास्त भय होतं.

काल संध्याकाळी पोरं आवराआवर करत होती. शिवकन्या झाडू हातात धरून रोबोकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, तबकडी पालथी पडली तर चालतंय, उताणी पडली तर चालतंय. पण मैदानाच्या कठड्याला टेकून उभीच राहिली तर?"

सुपली तिथं पोचणार नाही. रोलर तिला आणखी दाबून धरील. मी रोबोकडे बघितलं, सरावासाठी पोरांनी भोवती उभारलेल्या कठड्याकडे बघितलं. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं.

मी म्हणाले, "उद्या सांगते."

तिनं मान डोलावली आणि निश्चिंत मनानं झाडायला लागली. आणि मी वर्कशॉपच्या मधोमध उभी राहून एकटीच हसायला लागले. म्हणजे, नले, येलदरीहून येताना एसटीत, खिडकीबाहेर बघत, इतक्या तोऱ्यात... तुलाही तेव्हा काहीच सुचलेलं नव्हतं ना?

असो. सकाळ झाली आहे, आणि मी त्या पोरीला शब्द दिला आहे.